गफूर मिस्त्रींचं दस्तखत

गफूर मिस्त्रींपुढे कुठलाही कागद ठेवला की ते खिशातून पेन काढत, पण त्याचं टोपण उघडत नसत. पेन तसंच मुठीत धरायचं आणि म्हणायचं, "वाच." मग समोरच्यानं तो कागद वरपासून खालपर्यंत वाचायचा. जावक क्रमांक, विषय, संदर्भ, काही म्हणून सोडायचं नाही. घाईनं कुणी 'वगैरे वगैरे' म्हणत पुढे सरकला तर ते हात आडवा करत. "वगैरेत काय हाय, ते पन वाच." शेवटचा शब्द संपला की टोपण निघायचं, आणि उजवीकडून डावीकडे सावकाश एक उर्दू दस्तखत उमटायचं. नाव लिहिण्यापुरतं उर्दू त्यांना येत होतं, मराठी लिपी अजिबात येत नव्हती. दोन मिनिटांच्या सहीला अर्धा तास लागायचा. मी दवाखान्याचा कंपाउंडर, आणि कारकुनाची जागा कधी भरलीच नाही म्हणून कारकूनही मीच. बाहेर पेशंटांची रांग आणि आत मी मिस्त्रींना दुरुस्तीच्या कुठल्याशा कागदावरचा जावक क्रमांक वाचून दाखवतोय. डोकं फिरायचं माझं.

आमचं गाव मोताळ्याहून नांदुऱ्याकडे जाताना लागतं, म्हणजे घाटाखाली. घाटाखालचा उन्हाळा काय असतो ते घाटावरच्या माणसाला सांगून कळत नाही, आणि आमचं वरचं कार्यालय नेमकं घाटावर. होळी झाली की आमच्याकडे भिंती तापायला लागतात. वैशाखात दुपारी दाराच्या कडीला हात लागला तर माणूस कळवळतो. नव्या राज्याचा कारभार तेव्हा नुकता कुठे बसत होता. पूर्वी सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत नाहीतर हिंदीत चाले, आता सगळं मराठीत लिहायचा हुकूम निघाला होता. या दोन गोष्टी, घाटाखालचं ऊन आणि घाटावरचं मराठी, यांच्या कात्रीत मी सापडलो, आणि माझ्यामुळे गफूर मिस्त्री सापडले.

दवाखाना एका कापूसवाल्या शेठच्या जुन्या बंगल्यात होता. शेठनं आपल्या अमदानीत बंगल्याच्या मागच्या भिंतीत एक यंत्र बसवून घेतलं होतं. सागवानी चौकटीची माणूसभर उंच पेटी. तिच्या तीन बाजूंना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, जाड चटया, वर भोकं पाडलेली पत्र्याची पन्हळ, पन्हळीतून चटयांवर ठिबकणारं पाणी, आणि आत जिनिंगच्या कारखान्यातल्या सामानातून बनवलेला मोठा गोल पंखा. पंखा फिरला की बाहेरची कोरडी झळ ओल्या खसातून आत ओढली जायची आणि पत्र्याच्या बोगद्यातून, आढ्याखालून, पाचही खोल्यांत गार व दमट होऊन उतरायची. एका यंत्रावर अख्खा बंगला गार. शेठच्या काळी दोन गडी दांडा धरून ते फिरवत. वीज आल्यावर त्याला मोटर लागली. गाव त्याला 'खसपेटी' म्हणे. बाळंतिणीच्या खोलीत बोगद्याचं जे तोंड होतं, त्याखालची खाट मिळावी म्हणून वडनेर भोलजीपासून बाया यायच्या.

ही खसपेटी मिस्त्रींनी आपल्या वडिलांबरोबर बनवलेली. ते मूळचे रोहिणखेडचे, जिनिंगमध्ये फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. उंच, वाळके, दाढी पांढरी पण भुवया काळ्याभोर. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. मोटांची चाकं, शिवणयंत्रं, पिठाच्या गिरण्या, सगळं तिथं यायचं. एखादं यंत्र आणलं की आधी त्यावर तळवा ठेवून डोळे मिटायचे. 'बिघडली' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. "रुसली हाय," म्हणायचे. कुणी म्हटलं, चाचा, ही आता गेली, फेकून द्या, तर त्यांना खरोखर राग यायचा. "तुह्या घरचं मानूस तापानं पडलं तर त्याले उकिरड्यावर टाकतं का तू?" ऐकणारे हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण मला दरवर्षी त्या रुसलेल्या पेटीसमोर एप्रिल-मे काढायचा असे.

पेटी खरंच रुसली होती. खस कुजून भुसा झाला होता, पन्हळ गंजली होती आणि पंख्याचं एक बेअरिंग झिजल्यानं तो असा खडखडायचा की बाळंतिणी दचकून उठायच्या. मिस्त्रींनी एकदा न विचारता पदरचं बेअरिंग बसवून दिलं. मग तपासणीला साहेब आले. त्यांनी पेटीत डोकं घातलं आणि शेरा मारला की, यंत्रात विनामंजुरी बेअरिंग आढळून आले, ते तात्काळ काढावे. कपाळाला हात लावला मी. मिस्त्रींना बोलावून चांगलं चालणारं बेअरिंग काढायला लावलं आणि जुनं झिजलेलं परत बसवलं. काढलेलं बेअरिंग त्यांनी धडुत्यात गुंडाळून खिशात टाकलं. म्हणाले, "सरकारले आवाज आवडते वाट्टे."

तेव्हा मंजुरी आणणं भाग होतं. पहिल्या पत्रात मी जुन्या दप्तरातला शब्द उचलून लिहिलं, 'दवाखान्याच्या टट्ट्या जीर्ण झाल्या असून दुरुस्ती व्हावी.' खसाच्या चटईला पूर्वीपासून टट्टी म्हणतात. पण वरच्या कार्यालयात नवा माणूस होता, त्यानं ते पत्र सरळ संडासाच्या विभागाकडे पाठवलं. तीन महिन्यांनी एक गृहस्थ येऊन परसातल्या संडासाची लांबी-रुंदी मोजून गेले आणि 'स्थिती समाधानकारक' असं कळवलं. मी म्हटलं, ठीक, चूक आपली. आता शुद्ध मराठी लिहू. शब्दांच्या याद्या तेव्हा कार्यालयातून फिरत असत. हवा दमट करणाऱ्या यंत्राला काय म्हणावं ते त्यात सापडलं नाही, तर मीच एक शब्द घडवला. आर्द्र करतो तो आर्द्रक. फार खूश होतो मी त्या शब्दावर. 'दवाखान्यातील जुना आर्द्रक निकामी झाला असून तो बदलून नवा मिळावा.'

उत्तर आलं ते असं. आर्द्रक ही नाशवंत वस्तू असल्याने ती जुनी होईपर्यंत साठवून का ठेवली याचा खुलासा करावा, तसेच रुग्णांच्या आहारात आर्द्रक कोणत्या नियमान्वये दिले जाते तेही कळवावे. मला काही कळेना. शेवटी आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर हसत हसत म्हणाले, अहो, संस्कृतात आर्द्रक म्हणजे आलं. कार्यालयातले हेडक्लार्क वैद्यांच्या घराण्यातले होते. मी नवं आलं मागितलं, जुनं आलं सडवलं असा त्यांनी अर्थ लावला होता. मी खुलासा पाठवला, त्यावर त्यांचा खुलासा आला, यात आणखी एक उन्हाळा गेला.

या गमतीवर डॉक्टर हसले, नर्सबाई हसल्या, मी हसू शकलो नाही. कारण गेलेला तो उन्हाळा आमचा होता. माझी बायको कुसुम त्या वैशाखात पहिल्यांदा बाळंत झाली, त्याच खोलीत, बोगद्याच्या त्याच तोंडाखाली. पेटी खडखडत होती आणि आतून भट्टीसारखी कोरडी झळ येत होती. कुसुमला दोनदा घेरी आली. मुलगा झाला. तो तिसऱ्या दिवशी गेला. डॉक्टर म्हणाले, अशक्तच होता, उन्हाचं एक निमित्त. मला ते 'निमित्त' ऐकवलं नाही. आलं मागितल्याचा खुलासा मी लिहीत होतो तेव्हा माझं मूल त्या खोलीत सुकत होतं, हे माझ्या डोक्यातून आजतागायत गेलेलं नाही.

सव्वा वर्षानं कुसुमला पुन्हा दिवस राहिले. नर्सबाईंनी बोटं मोजून सांगितलं, वैशाख. माझ्या तोंडचं पाणी पळालं. माहेर तिला नव्हतं. घाटावर कुणी ओळखीचं नव्हतं. मी ठरवलं, आता दुरुस्ती नको, बदलूनच घेऊ. शहरात लोखंडी कूलर मिळायला लागले होते, तसला एक बाळंतिणीच्या खोलीत हवा. त्यासाठी आधी जुन्या यंत्राचं निर्लेखन व्हायला हवं, म्हणजे ते दप्तरातून बाद व्हायला हवं. आणि निर्लेखनाला जोडायला हवा जाणकार कारागिराचा दाखला, की यंत्र दुरुस्त होण्यापलीकडे गेलं आहे. पंचक्रोशीत जाणकार कारागीर एकच.

मी दाखला लिहून दुकानात गेलो. मिस्त्रींनी पेन काढलं, म्हणाले, वाच. मी खरं ते वाचलं. त्यांनी पेन परत खिशात ठेवलं.

"नाई जमत, बाबू. दुरुस्त होते ते."

मी सांगितलं, चाचा, नुसता कागद आहे. हा दिला की नवं येईल. त्यांनी विचारलं, नवं येईपर्यंत जुनं कुठं जाईल? मी म्हटलं, जाईल कुठंतरी, तुम्हाला काय करायचंय. ते म्हणाले, खस द्या, दोन बेअरिंगं द्या, पन्हळ द्या, चार दिवसांत गार हवा देतो. मी म्हटलं, ते सरकार देत नाही. ते म्हणाले, मग तसं लिही, की सरकार देत नाही. मशीन मेली असं काऊन लिहितो? असा आमचा वाद पंधरा दिवस चालला. मी गोडीनं सांगितलं, रागावून सांगितलं, नर्सबाईंकडून सांगायला लावलं. त्या पुण्याकडच्या; त्यांचं शुद्ध बोलणं मिस्त्री मान खाली घालून अदबीनं ऐकून घेत आणि शेवटी "हाव बाई, पन झूठ हाय ते" एवढंच म्हणत. तळपायाची आग मस्तकात जायची माझी. म्हातारा एका सहीसाठी अडून बसला होता आणि माझ्या घरात दिवस भरत चालले होते. एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही, की हे सगळं मी कुसुमसाठी करतोय. सरकारी कामात घरचं आणू नये, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती.

शेवटी मी करू नये ते केलं. दाखला तोच ठेवला, 'सदर यंत्र दुरुस्त होण्यापलीकडे गेले असून सर्वथा निरुपयोगी आहे, असे मी समक्ष तपासून लिहून देतो.' तो घेऊन दुकानात गेलो आणि म्हटलं, चाचा, तुमचंच खरं, दुरुस्तीचीच मागणी लिहिली आहे. त्यांनी पेन मुठीत धरलं. "वाच." मी कागदावर बोट फिरवत वाचलं की, यंत्र मुळात उत्तम असून खस, बेअरिंग व पन्हळ मिळाल्यास चार दिवसांत पूर्ववत होईल. जावक क्रमांक वाचला, विषय वाचला. 'वगैरे'सुद्धा एक घातलं आणि तेही सोडवून सांगितलं. वाचताना माझा आवाज एकदाही अडखळला नाही. मिस्त्रींनी टोपण काढलं, कागदावर आणि त्याच्या नकलेवर दस्तखत केलं.

"आज बरोबर लिवलं तू. पहिल्यांदा सरकारले समजंन असं लिवलं," म्हणाले, आणि चहा मागवला. तो चहा मी प्यायलो.

आता गंमत पाहा. आमच्या कार्यालयानं दोन वर्षांत एकही पत्र धड वाचलं नव्हतं. हा एक खोटा कागद त्यांनी अक्षर न् अक्षर वाचला आणि महिन्याच्या आत हुकूम काढला. यंत्र निर्लेखित करण्यात येत आहे, त्याची मोटर व सुटे भाग जमा करावेत, नवीन यंत्राबाबत यथावकाश विचार होईल. हुकमाबरोबर बैलगाडी आणि एक शिपाई. मी यथावकाश या शब्दाकडे बघत राहिलो. चैत्र संपत आला होता. माझ्या डोळ्यांदेखत शिपायानं मोटर सोडली, पट्टा सोडला, पन्हळ उपसून काढली. पेटी आणि तिच्यातला पंखा भिंतीत पक्के होते म्हणून तेवढे राहिले. आधी निदान खडखडाट तरी होता, आता तोही नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी करून बसलो होतो.

मोटर गाडीत चढत असताना मिस्त्री आले. बाजारातून कुणीतरी सांगितलं असणार. त्यांनी शिपायाला विचारलं, कुणाच्या हुकमानं? शिपाई म्हणाला, तुमच्याच दाखल्यानं, मिस्त्री. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. ओट्यावर पेशंट बसलेले, दारात नर्सबाई, गाडीवाला, सगळे थांबले.

"दप्तरात नक्कल असंन," मिस्त्री म्हणाले. "आन."

मी आणली. त्यांनी सवयीनं पेन काढून मुठीत धरलं. "वाच."

मी वाचला. या वेळी खरा. 'सर्वथा निरुपयोगी' या शब्दांशी मी अडखळलो, तरी ते थांबून राहिले, शेवटच्या शब्दापर्यंत. मग त्यांनी नकलेवरच्या आपल्या दस्तखतावर बोट ठेवलं, जसं यंत्रावर तळवा ठेवत तसं, आणि डोळे मिटले. मी पुटपुटलो, चाचा, कुसुमचे दिवस भरत आलेत, गेल्या खेपेचं तुम्हाला माहीतच आहे, नवं यंत्र मिळेल म्हणून मी...

"बेटीसाठी पाह्यजे होतं तर मले मशीन मागाची होती," ते म्हणाले. "दस्तखत काऊन मागतलं?"

त्यांनी पेन खिशाला लावलं. जाताना फक्त एवढं म्हणाले, की वाचायला डोळे माझे नव्हतेच बाबू, तुझेच होते. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर तीन आठवडे मी बाजाराच्या त्या टोकाला गेलो नाही. वैशाख लागला. खोल्यांतून आम्ही ओल्या चादरी टांगत होतो, त्या तासाभरात पापडासारख्या वाळत. कुसुम रात्रंदिवस पदरानं वारा घ्यायची आणि मी पाहिलं की हात थांबवायची. नर्सबाईंनी दिलेल्या तारखेच्या दहा दिवस आधी, भर दुपारी तिच्या कळा सुरू झाल्या. डॉक्टरांचा वार नव्हता. तासाभरात तिचे ओठ फुटले, डोळे वर जायला लागले. नर्सबाई बाहेर आल्या आणि पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या. म्हणाल्या, मला पाणी नको, चादरी नकोत, मला या खोलीत हवा द्या, कुठूनही द्या.

मी चपला न घालता धावलो. तापलेल्या रस्त्यानं पाय भाजले ते नंतर कळलं. मिस्त्री दुकानात शिवणयंत्र उघडून बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"आज काय लिवून आनलं?"

"काही नाही, चाचा. कुसुम अडली आहे."

"मंग चाल," म्हणाले, आणि उठलेच.

दुकानाच्या मागच्या कोपऱ्यातून त्यांनी तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक लांब लोखंडी दांडा काढला. शेठच्या काळचा, गडी फिरवत तो. वीज आल्यावर मी कैकदा त्यांना म्हटलं होतं, विका भंगारात. दुसऱ्या धडुत्यात ते विनामंजुरी बेअरिंग होतं. वाटेत त्यांनी कापसाच्या अडतीतून तागाची आठ-दहा बारदानं उचलली, विचारलं नाही, नुसतं 'नेतो' म्हणाले. दवाखान्यात आल्यावर कुजका खस त्यांनी हातानं ओरबाडून काढला, बारदानं उसवून चौकटीला दोरीनं आवळली, बेअरिंग ठोकलं, दांडा बसवला. पन्हळ नव्हती, तर ओट्यावर बसलेल्या पेशंटांच्या नातेवाइकांना कामाला लावलं. विहिरीपासून पेटीपर्यंत रांग लागली, बादलीनं बारदानांवर पाणी. मग दांड्याच्या एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला मी.

फिरायला लागला पंखा. आवाज नाही, खडखड नाही. थोड्या वेळानं आतून नर्सबाईंचा आवाज आला, की येतेय, गार येतेय, थांबू नका. आम्ही थांबलो नाही. दोन वाजल्यापासून उन्हं कलेपर्यंत फिरवत होतो. ते साठीच्या पुढचे आणि मी तिशीतला, पण आधी माझ्या तळहातांना फोड आले. मी म्हटलं, चाचा, तुम्ही बसा, दुसऱ्या कुणाला लावतो. त्यांनी मान हलवली. घामानं त्यांची दाढी छातीला चिकटली होती. मी म्हटलं, माझ्यासाठी एवढं करताय आणि मी तुम्हाला...

"तुह्यासाठी कोन करून राह्यलं," ते दांडा न थांबवता म्हणाले. "कागदात लिवलं हाय की ही मशीन निरुपयोगी हाय. खाली नाव माहं हाय. ते नाव झूठ पाडाले आलो मी."

मुलगी झाली. नर्सबाई सांगायला बाहेर आल्या तेव्हा माझे हात दांड्यावरून सुटले, तर मिस्त्री माझ्यावर खेकसले, की आताच तर खरी गरज आहे, फिरव. आणखी तासभर फिरवत होतो आम्ही. कुसुम वाचली, पोर वाचली. संध्याकाळी मगरिबच्या बांगेला मिस्त्रींनी दांडा काढला, फडक्यानं पुसला, हात-पाय धुतले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आले, दांडा घेऊन. तो उन्हाळा ते रोज आले.

पुढची सात-आठ वर्षं खसपेटी चालली. मिस्त्रींनी कुठल्याशा पिठाच्या गिरणीची टाकलेली मोटर लावली, बारदानांच्या जागी नाल्याकाठचा खस उपटून चटया विणल्या. आणि दप्तरी तिचं अस्तित्व नव्हतं. दरवर्षी मी लिहून द्यायचो की दवाखान्यात असे कोणतेही यंत्र नाही. दरवर्षी तपासणीचे साहेब घाटावरून उतरायचे, घामाघूम होऊन आत यायचे, बोगद्याच्या तोंडाखाली खुर्ची ओढून घ्यायचे आणि त्या गार हवेत बसून शेरा लिहायचे, यंत्र अस्तित्वात नसल्याची खातरजमा केली. नवा कूलर यथावकाश आला, पाच वर्षांनी. त्याला पाणी भरायची तोटी नव्हती. मिस्त्रींनी त्यावर तळवा ठेवला आणि म्हणाले, "हे तर जन्मतःच रुसलं हाय."

माझ्याशी ते बोलायचे, हसायचे, घरी यायचे. पोरीचं नाव कुसुमनं त्यांना विचारून ठेवलं. पण माझ्या हातच्या कागदावर त्यांनी पुन्हा कधी सही केली नाही. मी दुरुस्तीचे कागद नेले, साक्षीचे नेले. ते पेन काढायचेच नाहीत. म्हणायचे, ठेव तिथं, पाहू. ते 'पाहू' मी आठ वर्षं ऐकलं. चिडलोही मी. एक चूक झाली, तीही कुणासाठी, असं मनात म्हणायचो. माणसानं किती धरून ठेवावं. पण हे त्यांच्या तोंडावर म्हणायची माझी छाती झाली नाही.

मग एका फाल्गुनात ते स्वतःच पेशंट होऊन आले. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, इथं जमणार नाही, अकोल्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, छातीत सुई घालावी लागेल, संमतीचा कागद हवा. कागद मीच लिहिला. मिस्त्री बोगद्याच्या तोंडाखालच्या खाटेवर उशांना टेकून बसले होते. त्यांना श्वास पुरत नव्हता, तरी त्यांनी खिशातून पेन काढलं, आठ वर्षांनी माझ्यासमोर, आणि मुठीत धरलं. मी कागद सरळ धरला, घसा साफ केला, वाचायला लागलो.

"तू नको," ते म्हणाले. "पोरीले बोलाव."

माझी मुलगी दुसरीत होती. ती त्यांच्यासाठी कुसुमनं दिलेली पेज घेऊन आलीच होती, दारात उभी होती. तिनं कागद हातात घेतला आणि बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत वाचायला लागली. जावक क्रमांक वाचला, विषय वाचला. 'जोखमीची' या शब्दाशी अडखळली, तर मी सांगायला पुढे झालो. मिस्त्रींनी माझ्याकडे न पाहता हात आडवा केला. तिचा तिनं तो शब्द लावला. नर्सबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनी तोंड फिरवलं. वाचायला खूप वेळ लागला. ते डोळे मिटून ऐकत होते.

तिनं शेवटचा शब्द वाचला तेव्हा त्यांनी टोपण काढलं. दस्तखत तेच झालं, सावकाश, उजवीकडून डावीकडे. मग कागद तिच्याकडे न देता त्यांनी माझ्याकडे धरला.

"घे बाबू," म्हणाले. "हे खरं हाय."

अकोल्याला पोचल्यावर चौथ्या दिवशी ते गेले. दवाखान्याच्या दप्तरात दुरुस्त्यांच्या जुन्या कागदांखेरीज त्यांची ही दोन दस्तखतं राहिली, एक त्या दाखल्यावरचं, एक या संमतीवरचं, दोन्ही माझ्या अक्षराखाली.